‘मिस, आईला नका ना सांगू’

पत्र

ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या लिहितात:

सहा वर्षं मी इथे नववीला अल्जिब्रा शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं हिस्पॅनिक, घरी स्पॅनिश बोलणारी. त्यातली एक १५ वर्षांची मुलगी वर्षाच्या सुरुवातीला आपणहून फळ्यापाशी येऊन गणितं सोडवायची. ऑक्टोबरपासून ती गप्प झाली आहे. तिचा मित्र १७ वर्षांचा, याच शाळेत अकरावीला. शाळेत फोनला बंदी असूनही ती बाकाखाली फोन धरून वर्गाचा फोटो काढते आणि त्याला पाठवते, आपण खरंच वर्गात आहोत हे पटवायला. तिच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात वही उचलताना हुडीची बाही वर सरकली आणि दंडावर बोटांचे वळ दिसले. विचारलं तर म्हणाली, ‘मिस, तो जेलस आहे, एवढंच. आईला नका ना सांगू. पप्पांना कळलं तर मला मेक्सिकोला आजीकडे धाडतील.’ आई रात्री ऑफिसांची साफसफाई करते, इंग्रजी जेमतेम. स्टाफरूममध्ये म्हणतात, यांच्यात हे चालतंच, ‘माचिस्मो’, म्हणजे मर्दपणाचा ताठा, रक्तातच आहे, तू मध्ये पडू नकोस. यजमान म्हणतात, आपलं ग्रीन कार्ड रांगेत, तुझं काम एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावरच्या वर्क परमिटवर, पोलिस-कोर्ट मागे लागायला नको. त्यात समुपदेशक बाईंनी फेब्रुवारीतल्या ‘टीन डेटिंग व्हायोलन्स’ जागृती महिन्यासाठी मला मदतीला घेतलंय. परक्या संस्कृतीतल्या मुलांपुढे मी काय बोलू? आणि आईला सांगू की नको?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

बाकाखाली काढलेल्या त्या फोटोपाशी मी बराच वेळ थांबले. शिकायला आलेल्या मुलीला, आपण शिकायला आलो आहोत याचा पुरावा दर तासाला कुणाला तरी द्यावा लागतोय. वळ तुम्हाला आत्ता दिसले, पण मारहाण त्या फोटोपासूनच सुरू झाली होती.

आधी घाईचं बोलू. फेब्रुवारीची वाट पाहू नका. टेक्सासच्या कायद्यात, एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचं मानायला कारण असेल तर कळवण्याची जबाबदारी प्रत्येकावर आहे. शिक्षकांना तर ते ठरावीक तासांच्या आत कळवावं लागतं आणि ही जबाबदारी दुसऱ्यावर सोपवता येत नाही. ‘मी प्रिन्सिपॉलना सांगितलं होतं’ एवढ्याने ती संपत नाही. वळ कधी दिसले, ती काय म्हणाली, हे तारखेसकट तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि उद्याच समुपदेशक बाईंसमोर बसा. यजमानांची काळजी मला कळते. पण त्यांना हेही सांगा, की सद्भावनेने कळवणाऱ्याला तो कायदा संरक्षण देतो, नाव गुप्त ठेवतो, आणि जाणूनबुजून न कळवणं हा गुन्हा धरतो. तुमच्या कागदांना धोका असलाच तर तो गप्प बसण्यात आहे.

म्हणजे ‘सांगू की नको’ हा प्रश्न आता तुमच्या हातात उरलेलाच नाही. कसं सांगायचं, कुणाला आधी, आणि तिला विश्वासात घेऊन की तिच्या पाठीमागे, एवढं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. कुठेही जाण्याआधी तिच्याशी बोला. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागेल आणि मग ती पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसापाशी तोंड उघडणार नाही. असं म्हणून बघा: ‘मी जे पाहिलं ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. पण तुला न कळवता मी एकही पाऊल उचलणार नाही. पहिल्यांदा कुणाशी बोलू, ते तू सांग.’ तिच्या आयुष्यात सध्या सगळे निर्णय तो मुलगा घेतोय. त्याच्या जागी आपण जाऊन बसायचं नाही.

समुपदेशक बाईंनी तिला तीन गोष्टी सरळ विचारायला हव्यात. त्याने कधी गळा धरला का? त्याच्या हाताशी बंदूक आहे का? सोडून गेलीस तर तुला किंवा स्वतःला मारीन असं म्हणाला का? गळा दाबण्याकडे पोरकट भांडण म्हणून बघू नका. पुढे जिवावर बेतण्याची ती मोठी खूण असते आणि टेक्सासात प्रेमसंबंधातही तो गंभीर गुन्हा आहे. यातलं एकही उत्तर ‘हो’ आलं तर ‘त्याला सोडून दे’ हा सल्ला घाईने देऊ नका. सोडण्याच्या दिवसांतच धोका सगळ्यात जास्त असतो. २००३ साली ऑस्टिनमध्ये ऑर्ट्राला मोस्ली या १५ वर्षांच्या मुलीने संबंध तोडले आणि त्या मुलाने शाळेच्या आवारातच तिला भोसकून मारलं. २००७ साली टेक्सासने प्रत्येक शाळा-जिल्ह्याला डेटिंग हिंसेविषयी धोरण ठरवायला लावलं, त्यामागे अशा मुलींच्या आयांचं आणि बापांचं दुःख होतं. तुमच्या जिल्ह्यातही ते धोरण कागदावर असणारच. मागून घ्या. वर्ग बदलून देणं, डबा खायची वेळ वेगळी ठेवणं, बसपर्यंत कुणीतरी सोबत देणं, त्या मुलाला तिच्याशी संपर्क ठेवायला मनाई करणं, एवढं शाळा करू शकते. शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या ‘टायटल नाइन’ कायद्याखालीही शाळेच्या कर्मचाऱ्याला कळलं म्हणजे शाळेला कळलं असंच धरतात. पासवर्ड बदलणं, लोकेशन बंद करणं हे सगळं याच आखणीचा भाग म्हणून करायचं. एके रात्री अचानक लोकेशन बंद झालं तर तो दारात येऊन उभा राहील.

आता तुमच्या स्टाफरूममधल्या वाक्याकडे येते. ‘यांच्यात हे चालतंच.’

मला विचारावंसं वाटतं, ‘यांच्यात’ म्हणजे नेमकं कुणात? तुमच्या वर्गात हिस्पॅनिक या एका शब्दाखाली दोन वर्षांपूर्वी होंडुरासहून आलेला मुलगा बसतो आणि त्याच्या शेजारी, टेक्सास मेक्सिकोचा भाग होता तेव्हापासून तिथेच राहणाऱ्या घरातली मुलगी बसते. तिला कदाचित स्पॅनिश येतही नसेल. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१९च्या पाहणीत, त्या वर्षी डेटिंग करणाऱ्या अमेरिकी हायस्कूल विद्यार्थ्यांपैकी सुमारे बारात एकाने जोडीदाराकडून शारीरिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्यात सगळ्या वंशांची मुलं होती. ‘रक्तात आहे’ असं म्हटलं की मोठ्यांना काही करावं लागत नाही, म्हणून ते वाक्य इतकं सोयीचं असतं. आपल्या बायकांच्या बाबतीतही ते म्हटलं गेलंय. १९८५ साली न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली, ती घरातल्या हिंसेविषयी आपल्याकडे पाळली जाणारी गुपचिळी मोडायलाच.

जेलसपणाला प्रेम मानणाऱ्या म्हणी स्पॅनिशमध्ये आहेत, हे नाकारत नाही. ‘सी नो ते सेला, नो ते किएरे’, तुझ्यावर संशय घेत नाही म्हणजे त्याचं तुझ्यावर प्रेमच नाही. तुमच्या पार्किंगमधल्या पिकअप ट्रकांवर ‘ला तॉक्सिका’ असं लिहिलेले स्टिकर तुम्ही पाहिले असतील. संशयी, पिच्छा पुरवणारी मैत्रीण म्हणून कौतुकाने चिकटवलेले. मुलं त्यावर हसतात आणि हसता हसता पासवर्ड मागणं म्हणजे जिव्हाळा हेही शिकतात. पण त्याच भाषेत, मेक्सिकोतच, याच्यावर आजवर सापडलेलं एक फार चांगलं साधनही तयार झालंय. मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेने २००९च्या सुमारास ‘व्हियोलेन्तोमेत्रो’ काढला. ही चक्क फूटपट्टी आहे. सेंटिमीटरच्या खुणांसमोर वागणुकी छापलेल्या. खालच्या टोकाला बोचरी थट्टा, मग भावनिक दडपण, खोटं बोलणं, अबोला, संशय घेणं. पुढे चारचौघांत अपमान, धमकी, मित्रमैत्रिणी-कपडे-फोन यांवर ताबा, वस्तू फोडणं. मग ‘गमतीत’ मारणं, चिमटे, ढकलणं, थोबाडीत. आणखी वर कोंडून ठेवणं, शस्त्र दाखवणं, बळजबरी, आणि पट्टीच्या शेवटच्या खुणेवर खून. रंग बदलत जातात, सावध हो, काहीतरी कर, तातडीने मदत घे.

गणिताच्या बाईंच्या हातात यापेक्षा चपखल काय शोभेल? फेब्रुवारीत भाषण करू नका. कागदी पट्ट्या छापा, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक मुलाला एक द्या. वहीत राहील, कुणी विचारलं तर पट्टीच आहे. एक सांगायला मात्र विसरू नका, की हिंसा दर वेळी या क्रमाने चढत नाही, मधल्या खुणा गाळून एकदम वरही जाते. तुमच्या वर्गातली ही मुलगी ‘फोनवर ताबा’ या खुणेपाशी होती आणि तिथून सरळ वळांपर्यंत पोचली.

मी सगळ्यात जास्त बोलणार आहे ते तिच्या त्या एका वाक्याविषयी. आईला नका ना सांगू.

आपल्यातल्या किती जणी हे वाक्य म्हणाल्या असतील! त्या घरात बहुधा नियम असा असणार, की शाळा संपेपर्यंत मुलगा नको. स्पॅनिशमध्ये ‘नोव्हियो’ म्हणजे रीतसर घरी येऊन आईवडिलांना भेटलेला. त्याआधीचं सगळं चोरून. या चोरीतून त्या मुलाच्या हातात जे हत्यार येतं, ते मला मुठीहून मोठं वाटतं. ‘माझं ऐकलं नाहीस तर तुझ्या आईला सांगीन.’ तिने त्याला पाठवलेला एखादा फोटो असेल तर विचारायलाच नको. म्हणजे तिला मारणारा मुलगा आणि तिच्यासाठी जीव टाकणारी आई, यांपैकी ती आईलाच जास्त घाबरते. घरच्यांनी बंदी घातली ती मायेपोटी, तिची धार मात्र मुलीवरच उलटली.

‘ला रोपा सुसिया से लावा एन कासा’, मळके कपडे घरातच धुवावेत. ‘एल के दिरान’, लोक काय म्हणतील. हे वाचताना तुम्हाला आपली ‘झाकली मूठ’ आठवली ना? तुम्ही स्वतःला परकी समजता, पण या एका बाबतीत तुमच्या स्टाफरूममध्ये तुमच्याइतकी जवळची बाई दुसरी कुणी नसेल. घराण्याची अब्रू, मुलीवरची नजर, आजीकडे पाठवायची धमकी, हे तुम्हाला कुणी समजावून द्यावं लागत नाही. आणि याच घरांची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक आहे. आईसाठी जीव टाकणारी मुलं, लेकीच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मावश्या, एकत्र जेवणं. मुलगी आईशी मोकळेपणी बोलू शकते तिथे ती लवकर सावरते. म्हणून आईला टाळून काही करावं, असं मला वाटत नाही. तिला सोबत घ्यायचंय.

कसं, ते नीट ठरवा. शाळेकडून दुभाषी मागा. मुलीला किंवा तिच्या धाकट्या भावाला दुभाषी करू नका, स्वतःच्या माराचं भाषांतर स्वतःच करायची वेळ कुणा लेकरावर येऊ नये. आई रात्री कामाला जाते, तर भेट तिच्या वेळेवर ठेवा. मुलीची तयारी असेल तर तिला शेजारी बसवा. वडिलांना कधी सांगायचं ते आईला आणि मुलीला विचारून ठरवा. घरात मारहाण होत असल्याची शंका आली तर मात्र आधी समुपदेशक बाईंशी बोला, मग या भेटीचा सगळा क्रमच बदलतो. आणि पहिलं वाक्य ‘तुमच्या मुलीचा बॉयफ्रेंड आहे’ हे नको. ते ऐकलं की आईच्या कानांवर पुढचं काहीच पडणार नाही. सुरुवात अशी करा: ‘तुमची मुलगी हुशार आहे, तिला कुणीतरी इजा करतंय, चूक तिची नाही, आणि तुम्ही तिच्यावर चिडाल याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटते.’ यानंतर आई रडेल, कदाचित ओरडेल. थांबा. मग मेक्सिकोचा विषय तुम्हीच काढा. शाळा तिची, मैत्रिणी तिच्या, आणि मार खाल्ला तिने, तर हद्दपारी तिला का?

घरात कुणाच्या कागदांचा प्रश्न असेल तर ही भीती दुप्पट असते, आणि तुम्हाला ती इतरांपेक्षा बरी कळेल. शाळेला कागद विचारून मुलांना दाराबाहेर ठेवता येत नाही. १९८२चा सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल टेक्सासच्याच टायलर गावातल्या खटल्यातला आहे. गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठी २०००च्या कायद्याने ‘यू व्हिसा’ आणला, पण वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे, रांग वर्षानुवर्षांची आहे. त्याची आशा तुम्ही दाखवू नका. त्यांची स्थलांतर-वकिलाशी गाठ घालून द्या, फुकट सल्ला देणाऱ्या संस्था ह्यूस्टनमध्ये आहेत. संरक्षण आदेशासाठी मुलगी वयाने लहान असली तरी अर्ज होऊ शकतो, हेही त्याच भेटीत विचारा.

फेब्रुवारीविषयी आणखी थोडं. टेक्सासने २०२१ साली कायदा करून शाळांमध्ये डेटिंग हिंसेविषयी शिकवणं आणलं. १६व्या वर्षी माजी मित्राकडून मारल्या गेलेल्या क्रिस्टीन ब्लूबॉ या मुलीचं नाव त्याला आहे. त्या कायद्याने पालकांची लेखी संमतीही मागितली होती. तुमच्या शाळेतून आता कुठला कागद घरी जातो, कुठल्या भाषेत जातो आणि किती सह्या होऊन परत येतात, ते बघा. ज्या घरात या धड्याची गरज जास्त, तिथला कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेला असतो. पालकांची बैठक घ्या, ‘हिंसा’ शब्द आमंत्रणात न घालता. ‘मुलगी मोठी होतेय, फोन हातात आहे, बोलायचं कसं’ एवढंच. खायला ठेवा, लहान मुलं सांभाळायची सोय करा, आणि बोलायला त्याच वस्तीतल्या ‘प्रोमोतोरा’ला, म्हणजे वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला बोलवा. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा.

वर्गातल्या एखाद-दुसऱ्या तासाकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. लॉस एंजेलिसमध्ये लॅटिनो नववीच्या मुलांना वकिलांनी तीन तासांत त्यांचे हक्क शिकवले, त्याची नीट चाचणीही झाली. मुलांना माहिती झाली, मदत मागायची तयारी वाढली. पण मारहाण आणि धाकदपटशा त्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. त्याउलट न्यूयॉर्कच्या मिडल स्कूलांत सहावी-सातवीच्या मुलांना शाळेचा नकाशा देऊन कुठे असुरक्षित वाटतं त्या जागांवर खुणा करायला लावल्या, आणि त्या जागांवर मोठ्यांचा वावर वाढवला, त्याचा गुण आला. जिन्याखालची जागा, लॉकरांची शेवटची रांग, बसथांबा. नकाशा आणि आकडे, हे काम तुमचंच. मदतीचा नंबर स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे तो मुलगा पाठोपाठ येत नाही: ‘लव्ह इज रिस्पेक्ट’, १-८६६-३३१-९४७४, चोवीस तास. स्पॅनिशमध्ये बोलायचं असेल तर राष्ट्रीय हॉटलाइन १-८००-७९९-७२३३. मुलं सगळ्यात आधी मैत्रिणीलाच सांगतात, म्हणून ‘मैत्रीण असं म्हणाली तर काय कराल’ हा एक धडा जरूर घ्या.

शेवटी त्या मुलाविषयी. तुमच्या पत्रात त्याच्यावर दीडच ओळ आहे. तो १७ वर्षांचा आहे, तुमच्याच शाळेतला आहे. कुणीतरी त्याला शिकवलंय, की आपली मैत्रीण कुठे आहे हे दर तासाला माहीत नसेल तर आपण पुरुष नाही. त्याला शिक्षा व्हायला हवी तिथे व्हावी, त्यात मी कसूर करायला सांगत नाही. पण तो फुटबॉल किंवा सॉकर खेळत असेल, तर त्याच्या कोचशी समुपदेशक बाईंनी बोलावं. सराव संपल्यावर कोचने दर आठवड्याला पंधरा मिनिटं मुलांशी मुलींना कसं वागवायचं यावर बोलायचं, असा एक कार्यक्रम अमेरिकेतल्या अनेक शाळांत चालतो, कॅलिफोर्नियात तो तपासूनही पाहिला आहे. कोचचा शब्द ही पोरं जितका मानतात तितका आपला मानणार नाहीत. तुम्ही मात्र त्याच्याशी एकट्याने बोलायला जाऊ नका. त्याचा राग तिच्यावर निघेल.

या सगळ्या धावपळीत तिला पुन्हा फळ्यापाशी बोलवायचं विसरू नका. आदल्या दिवशी हळूच विचारून ठेवा, आणि गणित तिला हमखास येणारं द्या.